सगुणाची झोप

बसवनगुडी, बेंगळुरू

प्रिय गिरीराज,

तुझी वहिनी घरी आली. चालते स्वल्पच, पण आज सकाळी दूधवाल्याशी कन्नडमध्ये कडाकडा भांडली, आणि मला हायसं वाटलं.

फोनवर मी तुला न्यूमोनिया एवढंच सांगितलं होतं. पुढचं बोलवत नव्हतं. व्हेंटिलेटर निघाला तेव्हा वाटलं, सुटलो. पण खरा घोर त्यानंतर लागला. आयसीयूत सगुणा रात्रभर टक्क जागी आणि दिवसभर गुंगीत. आपण यशवंतपूर स्टेशनवर आहोत, गाडी सुटतेय आणि ही माणसं आपल्याला अडवून धरतायत, असं तिला वाटायचं. नळ्या ओढायची. एका दुपारी मी हात धरला तर म्हणाली, "तुम्ही कोण? माझ्या मिस्टरांना बोलवा." मी बाहेर येऊन जिन्यात बसलो, गिरीराज. 

तिथं शिल्पाश्री आली. हो, तुझीच लेक, शिल्पा. ॲम्ब्युलन्सवाल्याने जवळचं म्हणून ज्या हॉस्पिटलात नेलं, तिथला आयसीयू तीच बघते. माझ्याशेजारी पायरीवर बसून म्हणाली, "काका, काकूंना वेड लागलेलं नाही. दिवस कुठला, रात्र कुठली हेच त्यांच्या शरीराला कळेनासं झालंय." मग तिने समजावलं. अंधार पडला की शरीरात मेलाटोनिन नावाचं संप्रेरक वाढतं, झोपेची वेळ झाली हे ते सगळ्या अंगाला सांगतं. आयसीयूत दिवे अखंड चालू, यंत्रं ओरडतायत, कुणी रक्त घेतंय, कुणी कुशीवर वळवतंय. त्यात आजार आणि गुंगीची औषधं. त्या संप्रेरकाची वेळच चुकते. "भ्रमाला दुसरीही कारणं असतात, तीही शोधतेय. खात्री देत नाही काका, पण रात्रीला रात्र करून बघू," म्हणाली.

आणि तिने ते केलं. सगुणाची खाट खिडकीजवळ घेतली. भरती झाल्यापासून पिशवीत पडलेला चष्मा आणि कानातलं यंत्र बाहेर काढायला लावलं. सकाळी पडदे उघडून तिला उठवून बसवायचं, आणि मी वार-तारीख सांगून पेपर वाचून दाखवायचा. संध्याकाळ झाली की दिवे मंद, डोळ्यांवर पट्टी, आणि तपासण्या शक्य तेवढ्या एकदमच उरकायच्या, म्हणजे रात्री उगाच हात लागायला नको. हे वाढीव काम कोण करणार, अशी कुरबूर झाली. शिल्पाने वाद घातला नाही. दिवसाची ड्यूटी करून रात्रीही तीच थांबली. भाग्यलक्ष्मी नावाची नर्स नंतर मला म्हणाली, "डॉक्टरच उभ्या राहिल्यावर आम्ही कशा बसणार, अण्णा?" मग तीही सगुणाच्या कपाळावर हात ठेवून पुटपुटायची, "सरी अक्का, स्वल्प मलगी." झोपा जरा.

लगेच काही फरक पडला नाही. माझा धीर सुटत होता, शिल्पाचा नाही. मग एका सकाळी मी पेपर वाचत असताना सगुणा चष्म्यातून बघत राहिली आणि म्हणाली, "अहो, दाढी का नाही केलीत?" रात्रभर शांत झोपली होती ती. माझ्या हातून पेपर गळून पडला. शिल्पा तिची नाडी बघत होती. बघून झाली तरी तिने हात सोडला नाही.

बेळगावच्या तुझ्या दवाखान्यासाठी तू तिच्या नावाची पाटीसुद्धा करून घेतली होतीस. आयसीयूतल्या माणसांच्या झोपेवर काम करायचंय म्हणून ती इथं आली, तेव्हा "झोपलेल्या माणसांवर कसलं काम?" म्हणालास, आणि तेव्हापासून अबोला. तुला किती लागलं होतं ते मी पाहिलंय. पण ते काम काय आहे, हेही मी आता पाहिलं. एवढी चिवट आणि एवढी मायाळू माणसं मी फार थोडी पाहिली आहेत.

तुझ्या बायपाससाठी इथलं चांगलं हॉस्पिटल बघायला सांगितलंस, आणि "शिल्पाचं सोडून" अशी अट घातलीस. इंदिरानगरचं एक पाहून आलो, चांगलं आहे. पण ऑपरेशननंतर आयसीयूत तुलाही असा भ्रम झाला तर तू कुणाला हाका मारशील, हे मला ठाऊक आहे. म्हणून तुझी अट मोडून मी शिल्पालाच विचारलं, तुमच्याकडे करता येईल का.  ती एवढंच म्हणाली, "बाबा येतील?"

मी हो म्हणून सांगितलंय. मला खोटं पाडू नकोस.

तुझाच,
वासुदेव