बोअरचं पानी गोड हाय

२१ जानेवारी २०२५

आज माझ्या ऋतिकाच्या गादीवर छताचा तुकडा पडला. चांगला पाटीएवढा! पोर बालवाडीत होती म्हणून वाचली. वर गंजलेल्या सळया उघड्या पडल्यात. अठरा वर्षांत घराची ही दशा!

सासरे म्हणाले, "घाबरतेस कशाला? नव्या घराचा पाया भरतोय ना आता." तेच तर! हे घर बांधलं त्याच खाडीकाठच्या बोअरचं पाणी पुन्हा वापरणार. खारं पाणी काँक्रीटमध्ये गेलं की सळई गंजते, गंज फुगतो आणि काँक्रीटला आतून फाडतो. मी सिव्हिलचा डिप्लोमा काय गंमत म्हणून केला?

२२ जानेवारी

बांधकामाला गोड्या पाण्याचा टँकर मागवू म्हटलं. सासरेबुवा माझ्यासमोर तांब्याभर पाणी घटाघटा प्यायले. "बग, गोड हाय! जलमभर असंच पानी पितोय." मी चाखलं — खारट! मनोजलाही गोडच लागतं. नवरा माझा, पण मुलगा शेवटी त्यांचाच! सगळ्या कशेळी गावाची जीभ खारावलीय, आणि माझं माहेर पडलं दिघाशी, गोड्या विहिरीचं. पाणी तपासल्याचा लॅबचा रिपोर्ट पुढे केला तर म्हणे, "कागदाला जीभ हाय का?"

अस्सा संताप आला!

२३ जानेवारी

कागदाला नसेल, तुम्हाला तर आहे ना? बघतेच.

देवेशला फोन केला. भाऊ असावा तर असा — संध्याकाळी टेम्पोतून दिघाशीच्या विहिरीचे कॅन हजर. सासऱ्यांचा माठ गुपचूप ओतला, नवा भरला.

२५ जानेवारी

सासूबाईंनी पकडलं! वाटलं, आता काही खरं नाही. त्या माठातलं घोटभर पाणी प्यायल्या आणि गालात हसल्या. संध्याकाळी कॅनमधून माठ त्यांनीच भरला.

२८ जानेवारी

"चहा बरा होतोय हल्ली." — सासरे. सासूबाई भाजी निवडत राहिल्या. भारी नाटकी बाई!

३१ जानेवारी

वाळू, खडी आली. सळया बांधून तयार. परवा पाया भरणार, पाणी अजून बोअरचंच ठरलंय. माझी युक्ती फसली तर ऋतिका पुन्हा तसल्याच छताखाली झोपणार.

१ फेब्रुवारी

सकाळी सासऱ्यांच्या हातात बोअरच्या पाण्याचा तांब्या दिला. एक घोट — आणि दारातूनच बाहेर थुंकले!

"निशा! मीठ कुनी घातलं यात?"

सासूबाई म्हणाल्या, "कुनी नाय. बोअरचंच पानी हाय." त्यांनी तांब्यात पाहिलं. मग वर, छताच्या उघड्या सळयांकडे.

मग टँकरवाल्याला फोन लावला. "उद्या टँकर पाठव. पन आधी मी चाखनार!"