‘घरचा’ या शब्दाची नोंद

सोमवार, ३ मार्च
मेहुण्याचा फोन. रविवारी येऊन अण्णांना कायमचं घेऊन जाणार. "भावोजी, ताई गेल्यापासून तुम्ही एकट्यानं केलंत त्यांचं. आता त्यांना घरच्या माणसांत राहू द्या." आभारच मानत होता बिचारा. मी हो म्हणालो. त्याचे ते वडील. माझे सासरे — अजून आहेत ना?

मंगळवार, ४ मार्च
ऑफिसात शब्दकोशातली ‘घरचा’ची नोंद आजही अडली. पहिला अर्थ सोपा: घरात तयार झालेला — घरची भाजी, घरचं औषध. दुसरा: कुटुंबातला. तिथे ‘जन्माने किंवा लग्नाने’ असं लिहिलं आणि थांबलो. बायकोच राहिली नाही तर?
संपादकबाई म्हणाल्या, "अहो, शब्दाचा अर्थ लिहायचाय, वारसहक्क लावून द्यायचा नाही." सगळे हसले. मीही. तिसरा अर्थ त्यांनीच सांगितला — ज्याच्याशी उपचार पाळावे लागत नाहीत असा. मला त्याचं उदाहरण सुचेना.

बुधवार, ५ मार्च
माळ्यावरून बॅग काढली. अण्णा म्हणाले, "एवढी मोठी? तिथे काय दुकान टाकतोय मी?"

गुरुवार, ६ मार्च
राहा म्हणावंसं वाटतं. पण कोणत्या नात्याने? हे घरही त्यांचं, मुलगाही त्यांचा. तिकडे नातवंडं आहेत, इथे दिवसभर एक खिडकी. आणि खरं सांगायचं तर हे त्यांच्यासाठी वाटतंय, की रिकाम्या घराच्या भीतीने? ते कळेपर्यंत गप्प राहणं बरं.

शनिवार, ८ मार्च
संध्याकाळी कपड्यांच्या घड्या करताना विचारलंच — मनापासून जायचंय ना?
मान वर न करता म्हणाले, "तुला मोकळं करतोय."
मला कसला त्रास, म्हणालो.
"तेच तर. इतक्या वर्षांत एकदा चिडला नाहीस माझ्यावर. माझा पोरगा फोनवरसुद्धा ओरडतो. खिशात किल्ली असून तू बेल वाजवतोस. फ्रिज उघडायच्या आधी विचारतोस. पाहुण्याकडून किती दिवस करून घ्यायचं रे?"
मला वाटत होतं, मी त्यांचा मान राखतोय. त्यांच्याच घरात मी त्यांना यजमान करून बसवलं होतं.

रविवार, ९ मार्च
सकाळीच मेहुण्याला फोन केला. निघू नकोस, अण्णा येणार नाहीत.
"त्यांनी ठरवलं?"
"मी ठरवलं. ते अजून झोपलेत."