स्टेशन बंद कोणी केलं

बाबा, मागच्या मंगळवारी मी आपल्या स्टेशनावर गेले होते. दारं-खिडक्या लोकांनी कधीच काढून नेल्यात, तिकीटखिडकीत बाभळीची फांदी शिरली आहे. गाड्या मलकापूरकडे धडधडत जातात, थांबत नाहीत. गावच्या शाळेला स्टेशनचा इतिहास हवा होता. स्टेशनमास्तरांची मुलगी, त्यातून निवृत्त शिक्षिका, म्हटल्यावर काम माझ्याच गळ्यात पडलं. मला तर सगळं तोंडपाठ: कापसाच्या गाठी, सकाळची पॅसेंजर आणि शेवटी वरून आलेला तो मेला हुकूम. तुम्हीच सांगायचात ना, वरच्यांपुढे कोणाचं काय चालतं?

सोबत माझी लहानपणची मैत्रीण होती. आम्ही दोघी त्याच पॅसेंजरने नांदुऱ्याच्या शाळेत जायचो. तिला मी लिहिलेल्या इतिहासातला हुकुमाचा भाग वाचून दाखवला तर ती हसलीच. "हुकूम कायचा वं? साहेब पाहणीले आले तवा मी बाकावरच बसेल होती. त्याहिनं इचारलं, स्टेशन ठेवावं लागते काय? तुहे बाबा म्हणे, गरज नाही साहेब. माही बदली मलकापूरले करा, पोरीले पुढं शिकवाचं आहे. तुले मालूम नोतं काय?"

तीन अर्ज करूनही तुमची बदली होत नव्हती, हे मला आठवतं. पण असं? स्टेशन बंद झालं, आपण मलकापूरला गेलो आणि नांदुऱ्याला जायला गाडीच थांबेना, म्हणून तिची शाळा सातवीतच सुटली. "इतकी वर्षं बोलली का नाहीस?" मी विचारलं. "काय बोलाचं? तुहं तरी झालं न," ती म्हणाली. राग नव्हता हो तिच्या आवाजात, तेच जास्त लागलं.

आणि एकदम मलकापूरचं स्वयंपाकघर समोर आलं. आई भाकरी थापते आहे, मी जेवता जेवता म्हणते, "तिला शिकायचंच नव्हतं, आळशी आहे ती." तुम्ही ओरडता, "गप बस!" आणि भरल्या ताटावरून उठून जाता. तुम्ही माझ्यावर आवाज चढवलात तो तेवढा एकदाच. मी रडले, पण तुमचं काय दुखलं ते आज कळतंय. मला शिकवलंत म्हणून पाया पडू की तिच्या वतीने भांडू, काही सुचत नाही.

तुम्ही गेलात, आता हे पत्र कुठे टाकणार? म्हणून इथेच, तुमच्या फोटोपुढे सांगते. इतिहास काल शाळेत देऊन आले. स्टेशन वरच्या हुकुमाने बंद झालं, असंच त्यात लिहिलं आहे. खाली सही माझी आहे.