अकरावी डिस्क आणि हळदीचं बोट

सांगली, मार्केट यार्ड
मंगळवार

आदरणीय मुजीबमामूंना भाचा लियाकतचा अदबीनं सलाम. मामीलाही सलाम. इकडं अल्लाच्या कृपेनं सगळं ठीक आहे. तुमचा मोतीबिंदू काढलेला डोळा कसा आहे? थेंब वेळेवर घालता ना? कोयनेत परवा पुन्हा हादरा बसला म्हणे. (परवीन म्हणाली, मामूंची चौकशी करा. मी म्हटलं, तीस वर्षं पॉवर हाऊसमध्ये काढलेला माणूस, कपातला चहा हलला तर किती रिश्टर ते सांगून मग चहा पितो.) तुम्ही निर्धास्त असाल. मी मात्र इथं सपाट जमिनीवर बसून थरथरतोय. कारण काही नाही. म्हणजे आहे, पण आधी नीट बसा, आणि हे पत्र मामीला मोठ्यानं वाचून दाखवू नका.

आमच्या कोल्ड स्टोरेजच्या ऑफिसात अकरा कॉम्प्युटर, माझ्याइतकेच थकलेले. मालक यशराज (वय एकतीस, मला लियाकतकाका म्हणतो) ते भंगारात घालणार होता. मला कुठून बुद्धी सुचली कोण जाणे! मोबाईलवर चार व्हिडिओ बघितले आणि भर मीटिंगमध्ये बोलून बसलो, टाकायचे कशाला, यांचे थिन क्लायंट करू. म्हणजे सोपं आहे मामू. प्रत्येकातली डिस्क काढायची, सगळी माहिती एका मोठ्या पेटीत, सर्व्हरमध्ये, भरायची, आणि जुन्यांनी नुसतं तोंड दाखवायचं. चूल एक, ताटं अकरा. यशराजनं टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवली. सव्वीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा टाळी मिळाली आणि तिथंच माझं डोकं फिरलं.

डिस्कमधली माहिती सर्व्हरवर चढली की त्या डिस्कवर खूण करायची, एवढं शहाणपण मला होतं. पेन सापडेना. हळदीच्या वखारीत पेन शोधतो कोण? भुकटीत बोट बुडवलं आणि ओढलं डिस्कवर. अशा दहा झाल्या. अकरावी हातात घेणार तोवर जुम्म्याच्या नमाजची वेळ झाली. सगळ्या टेबलावर ठेवून गेलो. इकडं शेजारच्या शेडात हळद पॉलिशचा ड्रम सुरू झाला. तुम्ही बघितलंय, तो फिरला की आमचा चहासुद्धा पिवळा होतो. परत येऊन बघतो तर अकराच्या अकरा डिस्क पिवळ्याधमक! म्हटलं, चला, झालं की काम. माणसानं मूर्ख तरी किती असावं? सगळ्या पिशवीत भरल्या, आणि ती पिशवी... असो, तिचं नंतर सांगतो.

चार दिवसांनी सर्व्हरवर चार नंबर चेंबरची यादी उघडली, तर आत काहीच नाही. मामू, चार नंबरात हळदीची नऊ हजार पोती आहेत, चौदा थरांची थप्पी. शेतकऱ्याच्या पावतीवर नंबर असतो, पण तो नंबर कुठल्या रांगेत, कितव्या थरात, हे फक्त त्या अकराव्या डिस्कला ठाऊक. तेव्हापासून दारात मोटारसायकल थांबली तरी वाटतं, आला कुणीतरी पावती घेऊन.

आजवर अर्जुनानं तारलं. अर्जुना म्हणजे आमचा जुना हमाल, म्हसवडचा. चार नंबरातलं बहुतेक प्रत्येक पोतं त्याच्या पाठीवरून चढलंय. पावतीवरचं नाव वाचून दाखवलं की डोळे मिटतो, पाठ खाजवतो आणि म्हणतो, "ही वाळव्याची, लय जड हुती, डाव्या अंगाला हाय बगा." आणि निघतातही तिथंच! सात पावत्या आल्या, सातही निघाल्या. (आमच्या ऑफिसातला खरा सर्व्हर कोण, हे आता मला कळलंय.) पण गुरुवारी अर्जुना सिद्धनाथाच्या रथाला चालला, आठ दिवस. मी हात जोडले. तर म्हणाला, "आवं सायेब, तुमच्या डब्यापायी देवाचा रथ थांबतोय व्हय?" आणि शुक्रवारी सकाळी चार नंबरातली दोन हजार पोती ट्रकांवर चढायची आहेत.

काल यशराजनं माझ्या खांद्यावर हात ठेवला, म्हणाला, लियाकतकाकांनी केलंय म्हणजे बघायलाच नको. त्यापेक्षा शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मार्चमध्ये मी रिटायर होतोय मामू. सव्वीस वर्षांत एक पोतं इकडचं तिकडं झालं नाही. नोकरीचं काय, ती तशीही संपत आली. पण त्या पोराच्या तोंडावरचा विश्वास उतरताना बघायची मला लय भीती वाटते.

बाकी क्षेम. डोळ्याला जपा, वाकून काम करू नका, आणि मुख्य म्हणजे कुठलाही स्क्रू फिरवू नका.

तुमचा भाचा,
लियाकत

ता. क. : ती पिशवी तुमच्याकडं आहे. डोळा दाखवायला सांगलीत आला होतात तेव्हा "जुन्या डिस्कमध्ये चुंबक झकास असतात, दे मला" म्हणून तुम्हीच हौसेनं घेऊन गेलात. उघडल्या नसतील तर हातातला स्क्रूड्रायव्हर आत्ताच खाली ठेवा आणि पत्र घेऊन आलेल्या आमच्या लेकीकडं, फिरदोसकडं, पिशवी जशीच्या तशी द्या. तिला सांगितलंय की त्यात मामीचं लोणचं आहे.

ता. क. दुसरा : फोन का नाही केला म्हणाल. मामी फोन स्पीकरवर ठेवते आणि यशराजची सासरवाडी तुमच्याच कॉलनीत. पण खरं सांगू का, "उघडल्या रे" हे तुमच्या तोंडून ऐकायची माझी छाती नाही.

ता. क. शेवटचा : उघडल्या असतील तर काही लिहू नका. फिरदोसकडं नुसतं एक चुंबक द्या, मी समजून जाईन. राजीनामा लिहून तयार आहे. परवीनला तोंडानं सांगायची हिंमत नाही, तेव्हा राजीनामा फ्रीजवर लावायला तोच चुंबक उपयोगी पडेल.