आर्चाचा धूर वर गेला

प्रिय सबिरकुल आगाय,

तुमच्या सुनेने फोनवर सांगितलं, की आता तुम्ही तिसऱ्या मजल्यापर्यंत एकदाच थांबून चढता. ते ऐकून मी शिक्षकांच्या खोलीत गरमागरम तळलेले बोरसोक वाटले.

दुसरी बातमी त्याहून गोड आहे. काल आपली प्रयोगशाळा उघडली. डिसेंबरात तुम्हाला इस्पितळात नेलं तेव्हापासून तिला कुलूप होतं. खूप विनवण्या केल्यावर मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, "एकदाच प्रयोग करून दाखव, मेरिम. एक मूल जरी खोकलं तरी कुलूप कायमचं. मग फळ्यावर क्लोरीनची चित्रं काढत बस."

खिडक्यांपासून सुरुवात केली. आपल्या बूबूसारा आपा दर ऑक्टोबरात फटींमध्ये कापूस कोंबून वर कागदाच्या पट्ट्या चिकटवतात, त्या एप्रिलशिवाय निघत नाहीत. मी दोन खिडक्या सोडवल्या तर त्या केरसुणी घेऊन समोर उभ्या. "बाहेरचा डोंगर तापवायला कोळसा तुझा बाप देणार का?" मी म्हटलं, कोळसा नाही, पण पाईप तोच देणार आहे. आणि खरंच दिला. वायूचे प्रयोग करायच्या कोपऱ्यातल्या काचेच्या कपाटावर बाजारातून आणलेला पंखा बसवला, आणि पंख्यापासून छपरापर्यंत आमच्या यूर्तच्या तंबूतल्या चुलीचा पाईप.

मग बूबूसारा आपा आर्चाच्या झुडपाची वाळकी फांदी पेटवून प्रयोगशाळेची दृष्ट काढायला आल्या. फांदी कपाटाजवळ नेली तर धूर आत ओढला जाण्याऐवजी भसकन आमच्याच तोंडावर आला. पाईप बसवायला आलेले वडील खाली बसून पोट धरून हसले. "पाच वर्षं विद्यापीठात काढलीस, घरातली पहिली पदवी आणलीस, आणि धूर कुठून जातो ते ठाऊक नाही? पाईप छपराच्या माथ्याच्या वर जायला हवा, पोरी. नाहीतर वारा त्याला परत घरात ढकलतो." त्यांनी दोन हात लांबीचा तुकडा जोडला, वर टोपी बसवली. पुन्हा फांदी पेटवली. धूर शहाण्या मेंढरांसारखा रांगेने आत शिरला आणि वरून बाहेर पडला. आपांनी मग उरलेल्या शाळेचीही दृष्ट काढली.

काल दहावीची बावीस मुलं होती. बाई नाकाला रुमाल लावून दारातच उभ्या. मी आम्ल अगदी थेंबाथेंबाने सोडलं. काचेआड हिरवट वायू चढला आणि निघून गेला. सगळे श्वास रोखून बसलेले. तेवढ्यात आइतुर्गनने हात वर केला. "एजे, मला ढास येतेय, पण वायूची नाही, भीतीची. चालेल का?" आधी बाईच हसल्या. हसता हसता त्यांनी रुमाल खिशात घातला. वास कुठेच नव्हता. किल्ली आता माझ्याकडे आहे.

आगाय, एक गोष्ट मात्र तोंडावर सांगायचं धाडस झालं नव्हतं. डिसेंबरात त्या दिवशी क्लोरीनची बाटली फुटली, मुलांना बाहेर ढकलून तुम्ही शेवटी आलात. कारखान्यात तरुणपणी शिकलात तसं म्हणालात, "वायू लागला की दूध प्यावं." मी वाटीभर कुमिस, घोडीचं आंबवलेलं दूध, आणून दिलं. दूध पोटात जातं, वायू छातीत. तिथल्या ओलाव्यात त्याचं आम्ल होतं, आणि माणूस बरा दिसत असताना काही तासांनी फुप्फुसात पाणी भरतं. हे मी परीक्षेत लिहिलं होतं. तरी गप्प राहिले, कारण समोर माझे गुरू होते. तुम्ही घोड्यावर बसून घरी गेलात आणि संध्याकाळी श्वास अडला. आता मुलांना पहिल्याच तासाला सांगते: वायू लागला तर मोकळ्या हवेत या आणि थेट डॉक्टरांकडे जा, अगदी बरं वाटत असलं तरी. आणि शिक्षक चुकला तर त्याला टोका.

म्हणून आता तुम्हालाच टोकते. तुमचा राजीनामा पंधरा दिवसांपूर्वी पोचला. जिल्ह्याच्या कार्यालयात पाठवायला बाईंनी तो माझ्याकडे दिला, आणि मी पाठवलेला नाही. डॉक्टरांनी तुम्हाला वायूजवळ जायला मनाई केली आहे, शिकवायला नाही. काचेमागचं काम मी करीन. तुम्ही उघड्या खिडकीपाशी उभं राहून बोला, माझं चुकलं तर सगळ्यांसमोर रागवा. एवढंही झेपणार नाही असं डॉक्टर म्हणाले, तर त्याच दिवशी कागद पोस्टात टाकीन. नाहीतर तो माझ्या खणातच आहे, आणि फाडायचा तर तुम्हालाच यावं लागेल.

तुमचीच हट्टी विद्यार्थिनी,
मेरिम