चौथा खांदा

प्रिय स्वराली,

हे पत्र बसून वाच आणि ओळ न गाळता वाच. लहानपणी तुला पुस्तकाचं शेवटचं पान आधी उघडायची खोड होती आणि त्यावरून तू माझ्या हातचा मार खाल्ला आहेस. आज ती खोड नको. मला जे सांगायचं आहे ते क्रमानेच कळायला हवं.

आधी इथली, अमरावतीची खबर. आपलं घर उभं आहे. डावीकडचं नाही, समोरचं अर्धं आहे. गेल्या शुक्रवारी तुमच्या सेनापतीच्या लोकांनी बडनेऱ्याच्या बाजूने मारा केला. त्यांच्या जाळणाऱ्या नळ्यांना आवाज नसतो हे तू जाणतेसच. आधी उजेड दिसतो आणि मग वास येतो. मी कोर्टाच्या आवारात होते. कामकाज कधीच बंद पडलं आहे, पण आम्ही म्हातारे वकील सवयीने जाऊन बसतो. केशवराव दारातून मला म्हणाले, "काय अनुपमाबाई, पुढची तारीख घेतली का नाही?" मी वळून उत्तर देईपर्यंत केशवराव नव्हते. त्यांचे बूट होते, पॉलिश केलेले. ते बूट मी त्यांच्या सुनेकडे नेऊन दिले. तिने विचारलं, बाकीचे कुठे आहेत? मी तिला घरात नेऊन बसवलं आणि निघून आले.

"तुमच्या सेनापतीच्या" असं लिहिलं म्हणून रागावू नकोस. तू त्याच्या बाजूला का गेलीस हे मी विसरलेले नाही. बडनेऱ्याच्या फलाटावर मेलेल्या थोरल्या राजाच्या लेकीच्या शिपायांनी अकोल्याकडे पळणाऱ्या गर्दीवर नळ्या फिरवल्या, आणि तू दुपारभर मेलेल्या माणसांच्या खाली पडून होतीस. तुला ओढून बाहेर काढलं ते सेनापतीच्या माणसांनी. तुझ्या केसांतला तो वास बरेच दिवस जात नव्हता असं तू फोनवर म्हणाली होतीस. तेव्हा मी तुला म्हटलं होतं, ज्याने हात दिला त्याला विसरू नये. माझेच शब्द आहेत. मी ते मागे घेत नाही.

पण हे सगळं ज्या दुपारी सुरू झालं त्या दुपारी तू नांदगाव पेठेत नव्हतीस. बाकीच्यांनी तुला सांगितलं असेल, मी कधी सांगितलं नाही. तीन वर्षांपूर्वी आभाळातून वरचे उतरले आणि बंद पडलेल्या एका सूतगिरणीच्या शेडमध्ये त्यांच्या थोरल्याने मुक्काम टाकला. किती सूर्यांचा बादशहा होता कोण जाणे, पण म्हातारपणी त्याच्या हाडांना आपला कोरडा उन्हाळा मानवला. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांची वकील म्हणून मी त्याच्यासमोर बसायची आणि तू मधे बसून शिट्ट्यांतली त्याची भाषा मराठीत आणायचीस. तुझी आजी म्हणायची, मुलीच्या जातीने शिट्टी वाजवू नये. मी म्हणायची, वाजव, पण सुरात वाजव. त्या शिट्टीने तुला एवढ्या लांब नेलं.

चैत्रात थोरला मेला. वारस नेमलेला नव्हता. शेडच्या उजवीकडे त्याची लेक आपलं सैन्य घेऊन उभी, डावीकडे सेनापती, आणि मधे डांबरावर थोरल्याचं प्रेत. एकाने पाऊल पुढे टाकलं तर दुसरा नळी चालवणार, म्हणून कोणीच हलेना. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याची करडी कातडी तडकायला लागली. गेटवर आम्ही चौघं होतो. वरच्यांना खायला झेंडू लागायचा, तो पोचवणारा गोवर्धन, चौकीदार देवानंद, माझी गाडी चालवणारा जीवन, आणि मी. गोवर्धन म्हणाला, "बाई, आपल्यातला नसला म्हनून काय झालं? मेलेला तं हाये ना. असं कुत्र्यावानी पडू देनं बरं नाई." देवानंद म्हणाला, "तुले लय पुळका आला बे. जा, मर." जीवनने माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, तुमी सांगा. सांगसान तं उचलतो." मी सांगितलं, उचला. आवारात बांबू पडले होते. चौथा माणूस नव्हता म्हणून चौथा खांदा मी दिला. बाईने खांदा देऊ नये हे सांगायला तिथे कोणी नव्हतं, आणि असतं तरी मी ऐकलं नसतं. आम्ही त्याला शेडच्या सावलीत नेऊन ठेवलं. तेवढंच. वळून पाहिलं तर दोन्हीकडचे शिपाई जमिनीवर पालथे पडले होते. देवानंदला वाटलं, आपल्याले नमस्कार करून राहिले. त्यानेही हात जोडले.

त्यांचा कायदा मला नंतर तूच समजावलास. मेलेल्या राजाला जो खांद्यावर घेतो त्याच्या खांद्यावर राज्य बसतं. चार खांदे, राज्याचे चार वाटे. तो वाटा मिळवायच्या रीती दोनच. वाटेकऱ्याने आपखुशीने समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवून द्यायचा, नाहीतर वाटेकऱ्याला मारून त्याचं प्रेत आपल्या खांद्यावर न्यायचं. रस्त्याने जाणारा अनोळखी माणूससुद्धा सायकल लावून दोन पावलं खांदा देतो अशा मुलखात हा कायदा उतरला. फोनवर तू रडत होतीस, आणि मी तुला म्हटलं, रडू नकोस, नीट सांग, कलम काय म्हणतं? आजही तेच प्रेत समोर असतं तर मी तेच सांगितलं असतं, उचला.

गोवर्धनला लेकीच्या माणसांनी त्याच्या वावरात गाठलं. झेंडूची तोडणी चालू होती. निखाऱ्यावरून काढलेल्या वांग्याची साल सुटते तशी त्याच्या पाठीची कातडी सुटली होती, हे मी पाहिलं आहे, ऐकलेलं नाही. मग त्यांनीच त्याला उचललं आणि मोठ्या मानाने, शिट्ट्या वाजवत, मिरवत नेलं. त्याची बायको मागे धावत होती, माझा माणूस मले द्या म्हणून. तिला त्यांनी नळीच्या दांड्याने पाडलं. तिची कंबर मोडली आहे. देवानंद शहाणा निघाला. तो स्वतः जाऊन लेकीच्या खांद्यावर हात ठेवून आला. मला म्हणाला, "मॅडम, मले दोन पोरी हायेत. मले राज्य नाई पायजे." आता तो तिच्या छावणीत पाणी भरतो आणि येणारे-जाणारे त्याला महाराज म्हणून चिडवतात.

जीवन हिवरखेडला लपला होता. त्याच्या बायकोचं, मोनालीचं माहेर तिथलं, तिच्या भावाच्या केळीच्या बागेत पंपाची खोली आहे. ती जागा जीवनला, मोनालीला आणि तिच्या भावाला ठाऊक होती. मला ठाऊक होती. आणि तू फोनवर विचारलंस, जीवनदादा सुखरूप आहे ना, म्हणून तुला. सेनापतीचे शिपाई गावात कोणाला काही न विचारता सरळ पंपाच्या खोलीवर गेले. हात ठेव आणि दे, एवढंच मागत होते. जीवनने दिला नाही. त्यांनी आधी त्याचे पाय जाळले, मग थांबून पुन्हा विचारलं. त्याने एक शिवी दिली, ती कुठल्याच दुभाष्याला जमली नसती. मोनालीला त्यांनी दाराशी धरून ठेवलं होतं. डोळे मिटले की ते तिला हलवत. संपल्यावर त्याला खांद्यावर घेऊन गेले आणि जाताना बाग पेटवून दिली.

संशय म्हणजे पुरावा नव्हे, हे मी उभ्या आयुष्यात शंभर वेळा कोर्टाला सांगितलं आहे. म्हणून मी पुरावा उभा केला. मंगळवारी चांदूर रेल्वेला मावशीच्या रिकाम्या घरात राहणार आहे, हे मी तुला सांगितलं. तुला एकटीला. आणि मी समोरच्या पिठाच्या गिरणीत बसून राहिले. सकाळी सेनापतीचे शिपाई आले. घराच्या चारी बाजू एकदम पेटल्या. मी तिथे नव्हते, कोणीच नसणार होतं. पण किल्ली शेजारच्या पार्बताबाईंकडे असते आणि उन्हाळ्यात त्या मावशीच्या गच्चीवर कुरडया वाळत घालतात. त्या तशाच पेटलेल्या जिन्यावरून खाली आल्या आणि अंगणात पडल्या. मी त्यांना सावध केलं नव्हतं, कारण तुझ्याखेरीज कोणालाच काही कळू द्यायचं नव्हतं. माझा पुरावा असा तयार झाला. त्या म्हातारीच्या अंगावरून मी तो वाचला.

तू आपण होऊन सांगितलंस की तुझ्याकडून काढून घेतलं, हे मी विचारणार नाही. दोन्ही उत्तरं मला नको आहेत. तुझ्या नखांची मला काळजी वाटते, एवढंच लिहिते. ते नखांपासून सुरू करतात असं ऐकलं आहे.

आता आजचं. लेकीकडे दोन वाटे होते, गोवर्धनचा आणि देवानंदचा. सेनापतीकडे एक, जीवनचा. चौथा माझ्याजवळ. मुर्तिजापूरला वरच्यांचं जे तिसरं सैन्य दोघांच्या मधे स्वस्थ बसलं आहे त्यांनी सांगितलं होतं, जिच्याकडे किंवा ज्याच्याकडे तीन वाटे होतील तिकडे आम्ही जाऊ, पण शेवटचा वाटा मारून घेतलेला चालणार नाही, हाताने दिलेला हवा. म्हणून लेकीने मला इथे मारलं नाही. सेनापतीला मात्र तो मिळाला नसता तरी चालणार होतं, लेकीला मिळू नये एवढंच त्याला हवं होतं. तो तुला सांगतो की आपण जिंकलो की निघून जाऊ. लेकही इथल्या लोकांना तेच सांगते. दोघांपैकी आपलं कोणी नाही, स्वराली. मी तुझी बाजू सोडून चांगली बाजू धरली, असं समजू नकोस. ज्या बाईच्या माणसांनी तुला फलाटावर जाळायला काढलं होतं, तिच्यासमोर मी आज सकाळी उभी राहिले आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला.

वाटा देणाऱ्याने एक मागणं मागावं आणि घेणाऱ्याने ते नाकारू नये, अशी त्यांच्यात रीत आहे. छावणीच्या दारात देवानंद भेटला. घागर खाली ठेवून म्हणाला, "मॅडम, शहर मागा. अमरावतीले हात लावू नका म्हना. तुमी मांगसान ते भेटते." बरोबर सांगत होता. शहरासाठी मागता आलं असतं. गोवर्धनच्या बायकोसाठी, केशवरावांच्या सुनेसाठी. मी तुला मागितलं. दुभाष्याने लेकीचा प्रश्न मला पुन्हा सांगितला, एवढ्या मोठ्या वाट्याच्या बदल्यात एकच माणूस? मी हो म्हटलं. देवानंद माझ्याशी बोलायचा थांबला आहे.

त्यामुळे मुर्तिजापूरचं सैन्य आज लेकीकडे वळलं. उद्या पहाटे दोन्ही सैन्यं अकोल्यावर निघतील. तिथल्या सेनापतीच्या किल्ल्यात जे असतील त्यांच्यातलं कोणीही सोडायचं नाही असा हुकूम आहे, शिपाई असो, स्वयंपाकी असो, दुभाषी असो. त्याआधी एका माणसाने अकोल्यात जावं आणि एका माणसाला घेऊन मोर्णेच्या पुलावरून बाहेर पडावं, एवढीच सवलत मला मिळाली आहे. या पत्रात मी फक्त "निघून ये" असं लिहिलं आहे, अशी इथे सगळ्यांची समजूत आहे. पहाटेचं कोणाला सांगायचं नव्हतं. पण कारण न सांगता बोलावलं तर तू येणार नाहीस, माझी मुलगी आहेस. तेव्हा सेनापतीला जे ठाऊक नाही ते आता तुला ठाऊक आहे. खाली जाऊन तू त्याला सांगू शकतेस. मग तो आधी मुर्तिजापूर जाळेल आणि दुपारपर्यंत इथे पोचेल; शहर राहणार नाही, मीही नाही. हे सगळं कळून मी पत्र पाठवते आहे. आणि आणणारं कोण, तेही सांगते. तोंडाला दुपट्टा बांधून जी तुझ्यासमोर उभी आहे ती मोनाली आहे. हिवरखेडचं तुझ्यामुळे झालं, हे मी तिला आज स्वतः सांगितलं. तिने दुपट्टा उचलून तोंडाला बांधला. मग म्हणाली, "मले जाऊ द्या बाई. तिले मीच आनीन." जिवंत आणशील ना, हे विचारायला माझं तोंड उघडलं नाही. तुझ्यापर्यंत पोचेल असं दुसरं माणूस माझ्याकडे नव्हतं. आता वर बघ, आणि ती सांगेल तसं कर.

अजूनही तुझीच,
आई