काविळीची माळ

मंगळवार, संध्याकाळ. पाचोरा.

अक्काला आज जळगावच्या दवाखान्यात भरती करून आलो. कावीळ. डोळे हळदीसारखे पिवळे आणि गळ्यात ती काड्यांची माळ, पार बेंबीपर्यंत आलेली. माळ वाढली की कावीळ उतरली, म्हणून माझी ही बहीण आठ दिवस घरीच बसून राहिली.

मागच्या महिन्यात मीच तिला सिनेमाला नेलं होतं. त्यात डॉक्टर हात वर करतो आणि भगताने घातलेली माळ संगीताच्या तालावर वाढत जाते. रोगी उठून बसला तसा टाळ्यांचा नुसता कडकडाट. अक्काने हळूच विचारलं, “हाई खरं शे का रे भाऊ?”

मी विज्ञानाचा मास्तर! दरवर्षी वर्गात तीच माळ करून दाखवतो. काड्या सुकतात, गाठी सैल पडतात, माळ लांबते. धडधाकट माणसाच्या गळ्यातही लांबते. पण तिची मजा कशाला घालवा, म्हणून नुसता हसलो.

आज खाटेजवळ बसून हे सगळं तिला सांगितलं. माळ चाचपत ती म्हणाली, “मंग तवय का नही सांगं?”

सिनेमावाल्यांवर काय चिडायचं? अक्काने त्यांना विचारलं नव्हतं.